चिंधीच्या खांद्यांमधली कांडी

रफूचा धंदा मोठा कृतघ्न. बूट दुरुस्त करणाऱ्याचा टाका दिसतो, रंगाऱ्याचा रंग दिसतो, सुताराची खुर्ची निदान करकरते तरी. रफूगाराचं काम जमलं तर दिसत नाही, आणि दिसलं तर ते जमलेलं नसतं. त्यामुळे रफूताईंच्या हातचं उत्तम काम आजवर कोणाच्याही दृष्टीस पडलेलं नव्हतं. एका वकिलाने कोट खिडकीपाशी नेऊन, उलटासुलटा करून, सोबत आलेल्या बायकोच्याही नाकाशी धरून शेवटी विचारलं होतं, “भोक नक्की होतं ना?” ताईंच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा सन्मान. आल्यागेल्याला त्या तो सांगत. त्यानंतर वकिलाने घातलेला वाद तेवढा गाळत.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक चिंचोळी खोली. खिडकीला लागून टेबल, टेबलावर भिंग, चिमटे आणि सुयांची उशी. मागे पडदा, पडद्यामागे घर. यंत्र नाही. कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कोणी बघत नाही तिथून, त्याच कपड्याचे धागे काढायचे आणि भोकावर एकेक उभा-आडवा विणत जायचं, अशी ताईंची रीत. हे काम डोळ्यांचं आहे असा लोकांचा समज होता. ते बोटांचं होतं. उजवा हात सुई चालवी आणि डावा कापडाखाली फिरत राही. कुठे धागा जाड झालाय, कुठे गाठ राहिलीय, कुठे खळ सुकून कडक झालीय, हे त्या डाव्या हाताला डोळ्यांच्या आधी कळे, आणि कळल्यावर तो गप्प बसत नसे. उंचवटा चोळून सपाट करणं, कडक लागेल ते नखाने खरवडणं, ही कामं तो ताईंना न विचारता परस्पर उरकी.

अडचण अशी की दुकान बंद झालं तरी तो हात बंद होत नसे. बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईच्या स्वेटरवरचे लोकरीचे गोळे ताई वेचून काढत, आणि बाई वळून बघायला लागली की खिडकीबाहेर बघत. घरात एकाही बाटलीवर लेबल शिल्लक नव्हतं. नवी बाटली टेबलावर आली आणि ताई गप्पा मारत चहा प्यायला बसल्या, की कप रिकामा होईतो लेबलही साफ आणि त्याखालचा डिंकही. तेल कोणतं आणि फरशी पुसायचं औषध कोणतं, हे त्या घरात वासावरून ठरे. एकदा ते चुकीचं ठरलं होतं. त्या जेवणाबद्दल भाऊ बोलत नसत.

भाऊ म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. गल्लीने दोघांना त्यांच्या आपसातल्या हाकांनीच बोलवायला सुरुवात केली, आणि मग खरी नावं विचारायची राहूनच गेली. भाऊंची नोकरी बर्फाच्या कारखान्यात, लाद्या ओढायची. कारखाना बंद पडला तोवर त्यांच्या बोटांची टोकंही बंद पडली होती. उकळता कप ते दोन्ही हातांत धरत आणि चहा कोमट आहे म्हणून कुरकुरत. शर्टाचं बटण चिमटीत सापडत नसे, म्हणून ताईंनी त्यांच्या सगळ्या शर्टांना ओव्हरकोटाची बटणं लावली होती. त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते निवृत्त आरमारी अधिकाऱ्यासारखे दिसत.

“एका आईच्या पोटची दोन माणसं,” ताई म्हणत. “एकाच्या बोटांना सगळं लागतं, दुसऱ्याच्या काहीच नाही. वाटपात कोणीतरी घोळ घातला.”

“मी काही तक्रार केलीय का?” भाऊ म्हणत.

दुकानाला दोन नियम होते. एक पाटीवर होता: तीन महिन्यांत कपडा न नेल्यास दुकान जबाबदार नाही. दुसरा ताईंच्या वडिलांनी घालून दिला होता आणि तो पाटीवर नसल्यामुळे पाळला जाई: गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही. घालून बघायचा नाही, खांद्यावर टाकायचा नाही, थंडी वाजली म्हणून पायांवर ओढायचा नाही. दुकान जबाबदार नसेल तर मग कोण, याचं उत्तर पाटीवर नव्हतं, म्हणून ती जबाबदारी ताई स्वतः घेत. मागच्या दांडीवर न नेलेले कपडे बाहीला चिठ्ठी लटकवून वर्षानुवर्षं टांगलेले असत. त्यांना ऊन दाखवलं जाई, ब्रश मारला जाई. काही कपड्यांचे मालक ताईंपेक्षाही आधी म्हातारे झाले होते.

त्याच दांडीवर शेवटी तो मखमली कोट होता. गडद लाल, कॉलरला सोनेरी गोंडे, बटणं अशी की भाऊंनाही सापडावीत. नाटक कंपनीतली एक मुलगी तो घेऊन आली होती. डाव्या खिशाला भोक होतं, आणि त्या भोकाचे कर्ते खिशातच होते.

“ह्यांनीच कुरतडलंय,” ती म्हणाली आणि दोन उंदरं टेबलावर ठेवली. दोघी बहिणी, एक राखाडी, दुसरी पांढरी आणि डोक्यावर तपकिरी टोपी घातल्यासारखी. “दौऱ्यावर निघालोय. कोट पुढच्या आठवड्यात नेते. ह्यांनाही ठेवाल का तोवर? कोटात वाढल्यात, कोटाशिवाय झोपत नाहीत.”

कंपनी अजून दौऱ्यावर आहे. ताईंनी कोटाच्या बाहीला चिठ्ठी लावली, त्यावर ‘सोबत दोन उंदीर’ असं लिहिलं, आणि आठवडा संपायची वाट पाहिली. मग महिना संपायची. तीन महिने संपले तेव्हा पाटीप्रमाणे दुकानाची जबाबदारी संपली आणि राखाडीचं नाव बॉबिन, पांढरीचं चिंधी पडलं.

गल्लीने तोंडसुख घेतलंच. रफूवाल्या बाईने उंदीर पाळणं म्हणजे दातांच्या डॉक्टरने गोळ्यांची बरणी दारात ठेवणं, असं समोरचा बेकरीवाला म्हणाला. ताई संध्याकाळी त्यांना गल्लीत सोडतात आणि सकाळी दुकान उघडतात, असंही कोणी म्हणालं. भाऊंचं मत निराळं होतं. त्यांना जनावरांची शिसारी नव्हती. त्यांचा आक्षेप हिशेबी होता.

“घरात दोन माणसं,” ते म्हणाले. “दोघांची मिळून एक खुर्ची धड. आता चार.”

“त्या खुर्चीत बसत नाहीत.”

“खुर्ची खातात.”

ते त्यांना कधी नावाने बोलावत नसत. ‘तुझं ते’ म्हणत, दोघींना मिळून.

चिंधी-बॉबिन दिवसभर ताईंच्या शालीत असत. ताई सुई चालवत, आणि मधल्या वेळात डावा हात शालीत जाऊन कोणाचं तरी डोकं चोळून येई. उंदीर सुखावला की दातांवर दात हलके घासतो आणि त्या नादात त्याचे डोळे लुकलुक आत-बाहेर होतात. पहिल्यांदा ताईंना ती फिट वाटली होती. ते समाधान आहे हे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा माणसांमध्ये अशी सोय असती तर पुष्कळ लग्नांचा उलगडा झाला असता, असं ताई म्हणाल्या. स्वतः त्या लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या.

बॉबिनच्या काखेतला पहिला बारीक दाणा त्या हातालाच लागला. डॉक्टरीणबाईंनी तो काढला. पुढे दुसरा आला, तोही काढला. तिसऱ्याच्या वेळी बॉबिन भुलेतून उठली नाही. ताईंनी तिला शालीच्याच एका तुकड्यात गुंडाळून आणलं, आणि तो तुकडा जिथून कापला होता तिथे रफू केलं. कुठून कापला ते आता ताईंनाही सापडत नाही.

आणि मग चिंधी. तिलाही एक दाणा आला, तोही वेळेवर निघाला, पण तिने दुसऱ्या दिवशी आपले टाके आपणच उसवले. सगळे, एका टोकापासून, एकही धागा न तोडता. डॉक्टरीणबाई हैराण झाल्या. ताई घाबरल्या होत्या, तरी त्यांच्या तोंडून निघून गेलंच, “उसवलंय मात्र सुरेख.”

जखम कशीबशी भरली. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी ताईंना समोर बसवलं. त्या तरुण होत्या, बोलायला चटचटीत, आणि उंदराच्या आयुष्याविषयी हत्तीच्या आयुष्याएवढ्याच गंभीर.

“ताई, हिचं अंडाशय चालू आहे तोवर असल्या गाठींना खाद्य मिळत राहणार. एक रस्ता म्हणजे पोट उघडून ते काढून टाकायचं. पुष्कळ जण तेच करतात.”

“आणि टाके?”

“टाके आले.”

दोघींनी चिंधीकडे पाहिलं. चिंधी त्या क्षणी डॉक्टरीणबाईंच्या कोटाची किनार उसवत होती.

“दुसरा रस्ता सांगा,” ताई म्हणाल्या.

“इम्प्लांट. नखाएवढी कांडी असते. खांद्यांच्या मधे कातडीखाली जाड सुईने सरकवायची. वास देऊन दोन मिनिटं झोपवलं की झालं. पोट उघडणं नाही, टाके नाहीत. औषध हळूहळू झिरपत राहतं आणि मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप थांबतो. पण आधी चढतं, मग उतरतं. पहिले दोन-तीन आठवडे ही उलट जास्तच चेकाळेल, त्याला घाबरायचं नाही. आणि गाठ पुन्हा येणारच नाही असं मी म्हणणार नाही. धोका पुष्कळ कमी होतो, एवढं म्हणते.”

“पुरते किती?”

“वर्षभर. थोडं कमी, थोडं जास्त.”

“आणि मग?”

“ताई, ही दीड वर्षाची झाली. उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो. फार चिवट निघाला तर तीन.”

ताईंचा डावा हात चिंधीच्या कानामागे गेला. “म्हणजे पुरेल,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी भाऊंना सगळं समजावलं. भाऊंनी लक्ष देऊन ऐकलं.

“म्हणजे कारखाना पाडायचा नाही,” ते म्हणाले. “आत काम करू नका, एवढा निरोप पाठवायचा. आमच्याकडे तस्संच केलं होतं.”

“तुझं काय मत?”

“उंदराविषयी?”

“हो.”

“बॉबिनच्या वेळी तू आठ दिवस बोलली नव्हतीस,” भाऊ म्हणाले. “फार शांतता होती घरात. मला ती चालली नाही.” यापलीकडे त्यांनी मत दिलं नाही, पण बॉबिनला ते पहिल्यांदाच बॉबिन म्हणाले होते.

कांडी बसली. सुईचं भोक चिकट औषधाच्या एका थेंबाने बंद झालं, चिंधी दोन मिनिटांत उठून बसली आणि नर्सच्या बोटाला चाटू लागली. “दोन आठवडे त्या जागेला हात नको,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ताई “नाही लावत” म्हणाल्या आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या. गफलत एवढीच, की वचन ताईंनी दिलं होतं. डाव्या हाताला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एका जाड लोकरी पँटीच्या गुडघ्यावर काम करत होत्या. चिंधी शालीत. भाऊ पडद्याजवळ बसून पेपरातल्या बातम्या ऐकवत होते आणि प्रत्येक बातमीवर निकालही देत होते. ताईंचं सगळं लक्ष गुडघ्यावर. काम संपलं, त्यांनी धागा तोडला, मांडीवरचे तुकडे झटकायला शाल बाजूला केली, तर तुकड्यांत एक पांढुरकी, नखाएवढी काडी. खडूचा तुकडा, त्यांना वाटलं. त्यांनी ती उचलली, बोटांत फिरवली, आणि बोटांना ओळख पटली. ही वस्तू गेला तासभर त्यांच्या हाताखालीच होती.

सगळं मागून आठवत गेलं. खांद्यांमधे काहीतरी खपलीसारखं कडक, सुकलेल्या डिंकासारखं. ते नखाने निघालं होतं. मग त्याखाली लांबट उंचवटा, कापडात राहून गेलेल्या जाड धाग्यासारखा. अंगठ्याने तो पुढे पुढे सारत नेला होता, बारीक भोकाच्या दिशेने, जसा त्या एखादा धागा टोकाकडे सारत नेतात. चिंधी सारा वेळ सुखाने दात घासत होती. तिला वाटलं असेल, चोळतायत.

“काय झालं?” भाऊंनी पेपर खाली घेतला.

ताईंनी तळहात पुढे केला. भाऊंनी वाकून पाहिलं.

“बाटलीवरचं लेबल,” ते म्हणाले, आणि उठून पायात बूट घातले. पिंजरा त्यांनीच उचलला. तो उचलायची ही त्यांची पहिलीच वेळ.

दोघं दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी चिंधीला उलटंपालटं तपासलं, जखम पाहिली, आणि उसासा टाकला.

“मागच्या पायाने खाजवून काढली असणार. हिला टाके उसवायची सवय आहेच. शहाणपणा अंगाशी येतो हिच्या.”

ताईंनी निघालेली कांडी टेबलावर ठेवली. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या मांजराच्या तक्त्याकडे. चिंधी ताईंच्या बोटाशी नाक घासत होती. तिच्यावर काय आळ आलाय याची तिला कल्पना नव्हती, आणि असती तरी तिने तो बहुधा मानला नसता.

“एकच कांडी उरलीय फ्रिजमध्ये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाहेरून येतो हा माल, पुढचा कधी येईल भरवसा नाही. तेव्हा ह्या खेपेला धोका पत्करायचा नाही. गळ्यात कॉलर बांधू हिच्या. प्लास्टिकची, फनेलसारखी. दोन आठवडे. हाल होतील, नीट खाता येणार नाही, अंग साफ करता येणार नाही, पण इलाज नाही.”

त्यांनी खणातून ती कॉलर काढलीसुद्धा. चिंधीच्या डोक्याएवढं भोक आणि भोवती पारदर्शक घेर. ताईंनी तो घेर पाहिला.

“तिने नाही काढली,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“मी काढली. ह्या हाताने. लक्ष नव्हतं माझं. खरवडून काढलं वरचं, आणि मग…” त्यांनी अंगठा पुढे सारून दाखवलं. एरवी त्या हाताबद्दल बोलताना त्यांचा आवाज असा नसे.

डॉक्टरीणबाई कॉलर हातात धरून उभ्या राहिल्या. “मग ही तुम्हाला लावावी लागेल, ताई.”

“लावा,” ताई म्हणाल्या. त्या चेष्टेत नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी कॉलर खणात परत टाकली. “असं करा, दोन आठवडे तुम्ही हिला उचलायचंच नाही. पिंजऱ्यात हात नाही, शाल नाही. पण हिला एकटीलाही ठेवायचं नाही. बहीण गेलीय, त्यातून हार्मोनचा चढ येणार. एकटी राहिली तर झुरेल. दुसरा उंदीर आणावा तर तो जखम कुरतडेल. घरात आणखी कोणी आहे?”

ताईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ तक्ता वाचतच होते.

“भाऊ, डोळे मिटा आणि हात पुढे करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भाऊंनी हुकूम पाळला. निघालेली कांडी टेबलावरच होती. डॉक्टरीणबाईंनी ती त्यांच्या बोटांच्या टोकांवर ठेवली आणि हलकेच फिरवली.

“काय लागतंय?”

भाऊंनी विचार केला. “लागायला हवंय का काही?”

“नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मला हवा होता तसाच हात आहे.”

दुसरी आणि शेवटची कांडी बसली. परतताना पिंजरा भाऊंकडेच होता, आणि ताई दोन पावलं मागून चालत होत्या, दोन्ही हात आपल्या कोटाच्या खिशांत घालून.

पण चिंधीला कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भाऊंच्या शर्टात ठेवलं की ती एका बाहीतून शिरून दुसऱ्या बाहीतून बाहेर पडे आणि टेबलाच्या पायावरून ताईंच्या शालीकडे धाव घेई. ताई खुर्चीवर पाय वर घेऊन, हात डोक्यावर धरून बसत, बंदूक रोखल्यासारख्या. तशात एक गिऱ्हाईक आलं आणि दारातूनच माघारी गेलं. भाऊंनी टोपीत ठेवून पाहिलं, उशीच्या अभ्र्यात ठेवून पाहिलं. चिंधी कुठेच टिकेना. संध्याकाळपर्यंत तिने खाण्याला तोंडही लावलं नाही; पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, शालीकडे तोंड करून बसून राहिली.

“कोटात वाढलीय ती,” भाऊ म्हणाले.

ताईंना ते सकाळीच सुचलं होतं. म्हणून तर त्या दिवसभर दांडीकडे पाठ करून बसल्या होत्या.

“गिऱ्हाइकाचा कपडा आहे, भाऊ.”

“पाटी काय म्हणते?”

“पाटी लोकांसाठी आहे. बाबांनी सांगितलेलं आपल्यासाठी.”

“बाबांनी उंदीर पाहिला नव्हता,” भाऊ म्हणाले. नंतर सरळ बसत, नेहमीच्या आवाजात, “ताई, बॉबिनला तू शाल कापून दिलीस. ती गेल्यावर. हिला काही द्यायचं असेल तर आधी दे.”

ताई उठल्या. दांडीवरून कोट काढला, ब्रश मारला, मागून धरून उभ्या राहिल्या, आणि भाऊंनी बाह्यांत हात घातले. कोट कोणा सरदाराची भूमिका करणाऱ्या नटासाठी शिवलेला. भाऊंना तो खांद्यांत अगदी बेताचा बसला. सोनेरी गोंडे गळ्याशी लोंबू लागले. उजव्या बाहीला चिठ्ठी तशीच राहू द्यायची, असं ताईंनी ठरवलं. चिठ्ठी असेतो कपडा गिऱ्हाइकाचा. चिंधी पिंजऱ्यातून निघाली, मखमलीवरून चढली, डाव्या खिशात उतरली आणि दिसेनाशी झाली. जरा वेळाने आतून दात घासल्याचा बारीक आवाज आला.

“ह्या गोंड्यांमुळे मान वळत नाही,” भाऊ म्हणाले.

“वळवू नकोस.”

असे दोन आठवडे गेले. भाऊ कोट घालून पेपर वाचत, कोट घालून भाजी चिरत, कोट घालून बेकरीत पाव आणायला जात. बेकरीवाला पहिल्या दिवशी “राजे, काय देऊ?” म्हणाला, दुसऱ्या दिवशी सवयीने म्हणाला, आणि मग ते नावच पडलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी चढ आला. पाठीवर नुसता हात ठेवला तरी चिंधी कान थरथरवत ताठ उभी राही, मग उडी मारून पळे, मग परत येऊन हात ठेवा म्हणून उभी राही. भाऊ संकोचून ताईंकडे बघत. “मी काही केलं नाही,” असं म्हणत. त्यांचे जाड, थंड हात तिच्या खांद्यांवरून दिवसातून कितीदा तरी फिरत, आणि त्यांना काहीच लागत नसे. ताई लांबून बघत. इतकी बिनचूक माया त्यांना जन्मात जमली नव्हती. हात शिवशिवले की त्या रफू काढून बसत. दोन आठवड्यांत त्यांनी सगळं मागचं काम संपवलं, आणि दांडीवरच्या, ज्यांची कोणी वाट बघत नव्हतं अशा चार कपड्यांच्या कसरीने खाल्लेल्या बाह्यासुद्धा.

एक दिवस त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “ती मुलगी आलीच कोट मागायला, तर?”

“कोट देईन. अंगावरून काढून, घडी घालून.”

“आणि चिंधी?”

भाऊंनी खिशावर हात ठेवला. “चिठ्ठीवर दोन उंदीर लिहिलंय. आपल्याकडे दोन नाहीत. तेव्हा तो व्यवहार काही जुळत नाही.”

दोन आठवड्यांनी, आणि मग चढ उतरल्यावर आणखी एकदा, डॉक्टरीणबाईंनी चिंधीला तपासलं. कांडी जागेवर होती, वर कातडी सपाट, केस आलेले. काखांत, पोटाखाली, कुठेही काही नव्हतं. चिंधी शांत झाली होती. चढाच्या दिवसांत घातलेला तो नाच आता तिचा तिलाही आठवत नसावा.

“आता हात लावा,” डॉक्टरीणबाई ताईंना म्हणाल्या. “आता तुम्ही ठरवूनसुद्धा काढू शकणार नाही.”

ताईंनी डावा हात पुढे केला, आणि मध्येच उलटा केला. बोटांच्या मागच्या बाजूने, ज्या बाजूला काही कळत नाही, त्यांनी चिंधीची पाठ कुरवाळली. चिंधीने मान वर केली आणि त्यांची पेरं चाटली. घरी पोचेपर्यंत, आणि पुढेही, ताई तिला तशाच उलट्या हाताने कुरवाळू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती. ताईंनी ती आपल्या हाताला अजून कळवली नव्हती.

त्याच आठवड्यात मखमली खिशाला नवं भोक पडलं. जुनं रफू जिथे होतं तिथून जरा वर, पैशाएवढं, आणि आतून एक गुलाबी नाक बाहेर आलेलं. चिंधी आत मुरून बसली होती म्हणून भाऊंना कोट काढता येईना. ते छायाचित्राला बसल्यासारखे ताठ बसले आणि ताई स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या. आतल्या शिवणीतून लाल धागा काढायला त्यांनी चिमटा उचलला. नाकाकडे पाहिलं. ते आत-बाहेर होत होतं, बेकरीचा वास घेत. पुष्कळ वेळ त्या चिमटा धरून बसल्या, आणि मग तो ठेवून त्यांनी सोनेरी रीळ घेतलं. भोक बुजवलं नाही. काठाने घट्ट, जवळ जवळ टाके घालत त्याला काज करतात तसं बांधून काढलं, कुरतडलं तरी उसवू नये असं. कोणालाही दिसेल असं काम त्यांनी दुकानात पहिल्यांदाच केलं. धागा तोडायला कात्री घेतली होतीच, तिने त्यांनी बाहीची चिठ्ठीही कापली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी भाऊ पाव आणायला निघाले तेव्हा बेकरीच्या दारात तोच जुना वकील उभा होता. त्याने लाल कोट पाहिला, गोंडे पाहिले, रफूताईंचे भाऊ ओळखले, आणि त्याची नजर खिशावर थांबली.

“भाऊ,” तो हळूच म्हणाला, “ताईंच्या नजरेतून सुटलेलं दिसतंय. इथे भोक राहिलंय.”

“राहू दे,” भाऊ म्हणाले. “ते वापरात आहे.”